कुंडीत कोंडलेली कोरफड आणि तिची तेरा पिल्लं

पुण्यातली एक सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेकडची बाल्कनी. आठ इंची काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत पाच-सहा वर्षं वाढलेली कोरफड. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. झाड शेजारच्या काकूंचं. त्यांची तक्रार अशी, की पाणी घालूनही पानं लुळी पडतायत, हिरवा रंग जाऊन तांबूस छटा आलीय, आणि जरा वारा सुटला की कुंडी कलंडते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, पानं मऊ पडली म्हणजे पाणी जास्त होतंय, कमी करा. त्यांनी कमी केलं. पानं आणखी पडली. मग दुसऱ्या कुणीतरी सांगितलं, कुंडी लहान पडतेय, मोठी आणा. त्याप्रमाणे सोळा इंची, चकचकीत झिलईची चिनी मातीची कुंडी आणून बाल्कनीत ठेवलेली होती.

दोन्ही सल्ले ऐकायला शहाणपणाचे आहेत. या झाडाला मात्र पहिल्याने उपाशी ठेवलं होतं, आणि दुसऱ्याने ऐन पावसाळ्यात कुजवलं असतं.

तहान की कुज

कोरफडीचं पान दोन कारणांनी मऊ पडतं आणि हाताला ती दोन्ही वेगळी लागतात. पाणी साचून मुळं कुजली असतील, तर पान बुडख्याशी पाणथळ, पिवळट-तपकिरी दिसतं, दाबलं की पचपचीत लागतं, ओढलं तर खोडापासून अलगद सुटतं. वासही येतो. तहानलेलं पान पातळ होतं. पानातला गर म्हणजेच झाडाचा पाण्याचा साठा. तो उतरला की पानाची वरची बाजू आत बसते, पान पन्हळीसारखं खोलगट होतं, वाकवलं तर मुकाट वाकतं. भरलेलं पान असं वाकत नाही, मोडतं. काकूंच्या झाडाची पानं सरळसरळ दुसऱ्या जातीतली होती. बुडखे घट्ट, वास नाही, सगळ्यात आतली कोवळी पानं अजून ताठ. तांबूस रंग म्हणजे भर उन्हाचा आणि कोरडेपणाचा ताण. तो रोग नव्हे. सावली आणि पाणी मिळालं की तो उतरतो.

पण काकू पाणी तर घालत होत्या. मग ते जात कुठे होतं?

तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ओतून होतंय तोवरच खालच्या भोकातून धार लागली, आणि बहुतेक सगळं पाणी ताटलीत आलं. कुंडी उचलली तर आधीइतकीच हलकी. खराट्याचा हीर मातीत खुपसला, तो बोटभर जाऊन अडला. काठाशी, कुंडीच्या भिंतीला लागून, तोच हीर सळसळत तळापर्यंत गेला. म्हणजे माती भिंतीपासून सुटली होती, आणि घातलेलं प्रत्येक पाणी त्या फटीतून तळाला जाऊन बाहेर पडत होतं. मधला गोळा कोरडा ठणठणीत. पाणी कमी करा म्हणणाऱ्याने ताटलीतलं पाणी पाहिलं असणार आणि त्यावरून अंदाज बांधला असणार. त्याचा राग मला येत नाही, कारण ओली ताटली पाहून बहुतेकांना तेच सुचतं. कुंडी उचलून वजन बघण्याची सवय फार थोड्यांना असते. कोरफडीच्या बाबतीत सगळ्यात खरी बातमी वजनच देतं.

बाकीची लक्षणंही त्याच दिशेला बोट दाखवत होती. प्लास्टिकची कुंडी एका बाजूने फुगलेली. तळाच्या एका भोकातून मुळांचा झुपका, आणि दुसऱ्या भोकातून चक्क एक पिल्लू बाहेर डोकावत होतं, पांढुरकं, उजेडाकडे मान वळवलेलं. कोरफडीची पिल्लं मातीखालच्या आखूड आडव्या फांदीतून फुटतात. वर जागा नसली तर जिथे फट सापडेल तिकडे जातात.

आत्ता की दिवाळीनंतर

कुंडी बदलायची हे ठरल्यावर खरा प्रश्न वेळेचा होता. पुण्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरतो. कोरफडीला हलवायला उत्तम काळ म्हणजे फेब्रुवारी-मार्च, किंवा मग पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर. या दिवसांत हवा कोरडी आणि उबदार असते, तुटलेल्या मुळांच्या जखमा लवकर बंद होतात. पावसाळ्यात उजेड कमी, हवा दमट, माती दिवसेंदिवस ओली. जखमी मुळाला बुरशी गाठायला याहून चांगली संधी नाही.

दिवाळीपर्यंत थांबणं शक्य होतं का? झाड मेलं नसतं. कोरफड मूळची अरबस्तानाच्या कोरड्या भागातली, तिची पर्णरंध्रं दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात, त्यामुळे ती पाण्याचा खर्च फार जपून करते. दुकानाच्या दारावर मुळांसकट उलटी टांगलेली कोरफड आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. माती नाही, पाणी नाही, आणि महिनोन्‌महिने हिरवी. नजर लागते की नाही हा ज्याचा त्याचा विषय, पण कोरफड मातीबाहेर किती काळ तग धरते याचा तो उघड पुरावा आहे, आणि पुढे आम्हाला तो उपयोगी पडला.

तरी मी लगेच करायचं म्हटलं. हातात दोनेक आठवड्यांची कोरडी उष्ण हवा होती, मुळांच्या जखमा सुकायला तेवढी पुरते. शिवाय बाल्कनीला वर स्लॅब होता, म्हणजे पावसात झाड आत ओढता येणार होतं. उघड्या गच्चीवरची कुंडी असती, तर ऑक्टोबरपर्यंत थांबा असंच सांगितलं असतं. एक अट घातली: वळवाची सर येऊन गेल्यावर लगेचच्या दमट दिवशी हात लावायचा नाही.

कुंडीतून बाहेर

रसाळ झाडांची कुंडी बदलताना माती कोरडी असावी हा नियम बरोबर आहे. कोरड्या मातीत मुळं कमी तुटतात, तुटली तरी जखम ओल्या मातीत राहत नाही. पण नियम चालतो तो माती भुसभुशीत असेल तर. इथे कुंडी आडवी करून, चोहोबाजूंनी दाबून, तळावर थापट्या मारून काही हललं नाही. शेवटी कात्रीने प्लास्टिक उभं कापलं. कुंडी वाचवण्याच्या नादात खोड धरून झाड ओढणं हा या कामातला सगळ्यात महागडा मोह आहे. प्लास्टिकची कुंडी किरकोळ किमतीत पुन्हा मिळते.

आतून निघाला तो कुंडीच्याच आकाराचा मुळांचा साचा. भिंतीला लागून मुळं गोल गोल फिरलेली, तळाशी त्यांची चुंबळ वळलेली. माती जवळजवळ दिसतच नव्हती. आणि साच्याच्या मधोमध, झाडाच्या अगदी खाली, मूठभर आकाराचा लाल चिकट मातीचा टणक गोळा. हा नर्सरीतला मूळ गोळा. आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्या रोपं अशाच लाल मातीत भरतात, कारण ती वाहतुकीत सुटत नाही. रोप आणल्यावर लोक तो गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवतात आणि भोवती चांगली माती भरतात. गोळा एकदा पूर्ण वाळला की पाणी त्याच्या बाजूने निघून जातं, आत शिरत नाही. इतकी वर्षं या झाडाच्या बुडाशी तो तसाच होता.

तो गोळा कोरडा फोडणं म्हणजे आतली सगळी मुळं तोडणं. म्हणून नियम मोडला आणि सगळा साचा बादलीत अर्धा तास बुडवून ठेवला. बुडबुडे यायचे थांबल्यावर बाहेर काढून हिराने आणि बोटांनी माती मोकळी केली. खालून वर, बाहेरून आत. घाई केली की मूळ तुटतं, आणि तुटलेलं मूळ नेमकं जाडजूड, कामाचं असतं. शेवटी नळाच्या बारीक धारेखाली मुळं धुतली. काकू मधूनच म्हणाल्या, "अगं, एवढी अंघोळ घातलीस तर कुजणार नाही का?" कुजतं ते ओल्या मातीत दिवसचे दिवस राहिल्याने. धुऊन सावलीत वाळवलेल्या मुळाला काही होत नाही.

कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरे ठिपके आणि पट्टे होते. इथे थांबून पाहणं भाग होतं, कारण मुळांवरचा पिठ्या ढेकूणही असाच दिसतो: कुंडीच्या भिंतीवर आणि मुळांच्या बेचक्यात पांढरा मेणचट कापूस. तो असता तर जुनी माती, कुंडीचे तुकडे सगळं फेकून, मुळं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, पिल्लंही घरातल्या इतर झाडांपासून लांब ठेवावी लागली असती. नखाने खरवडलं तर पांढरं खडबडीत लागलं, कापसासारखं तुटलं नाही. त्यावर लिंबाचा थेंब पिळला, फस्सकन फेस आला. म्हणजे क्षार. उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, ते जड असतं. थोडं थोडं पाणी घालत गेलं की पाणी उडून जातं आणि क्षार मातीत साठत राहतात. पानांची टोकं करपली होती त्यात याचाही वाटा असावा.

मुळांची निवड सोपी होती. जिवंत मूळ भरीव, पिवळसर-नारिंगी झाक असलेलं, वाकवलं तर लवचिक. मेलेलं मूळ तपकिरी, पोकळ. चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्याइतकी शीर उरते. मेलेली सगळी काढली. गोल फिरलेली लांबलचक मुळं साधारण एक तृतीयांश आखूड केली, कारण ती तशीच ठेवली तर नव्या कुंडीतही त्याच वळणावर चालत राहतात. एवढं छाटूनही मुळं पुरेशी उरली. कोरफडीची मुळं उथळ, तंतुमय असतात, नवी फुटायला वेळ घेत नाहीत.

तेरा पिल्लांचं काय

मुळं मोकळी झाल्यावर पिल्लं मोजता आली. तेरा. पाहायला आलेल्या एका आजींनी मान हलवली: एवढी पिल्लं आली म्हणजे आई आता जाणार. हा समज बहुधा केळीवरून आणि घायपातावरून आला असावा. केळीचा खुंट घड दिल्यावर संपतो आणि मागे मुनवे राहतात. घायपात एकदा दांडा टाकून फुललं की वाळतं. कोरफडीचं तसं नाही. ती पिल्लं देते, वर्षानुवर्षं फुलते आणि जगत राहते. पिल्लांमुळे तिचं नुकसान होतं ते जागेचं आणि पाण्याचं. आठ इंचांत चौदा झाडं होती, दुसरं काय होणार!

पिल्लू केव्हा तोडावं याबद्दल लोक उंची सांगतात, चार बोटं, वीतभर वगैरे. मला उंचीपेक्षा मुळं महत्त्वाची वाटतात. आईच्या खोडाजवळ बोट घालून पिल्लाचा बुडखा चाचपायचा. त्याला स्वतःची तीन-चार मुळं असतील तर ते सुटायला तयार आहे, उंची कितीही असो. पानांवरूनही अंदाज येतो. लहान पिल्लाची पानं समोरासमोर दोनच ओळींत असतात आणि त्यांवर पांढरे ठिपके असतात. पानं चहूबाजूंनी फिरायला लागली म्हणजे ते मोठं झालं. (ठिपक्यांवरून ही वेगळी जात आहे असं समजून पिल्लं वेगळ्या नावाने विकणारेही भेटतात.)

या हिशेबाने तेरांचे गट पडले. चार वीतभर उंचीची, स्वतःची भरपूर मुळं असलेली. पाच मध्यम, प्रत्येकी दोन-तीन मुळं. तीन अंगठ्याएवढी, मुळं नाहीतच. आणि एक ते भोकातून निघालेलं पांढुरकं.

मोठी चार हातानेच सुटली; थोडं मागे-पुढे केलं की जोड आपोआप मोकळा होतो. मध्यम पाचांना सुरी लागली. सुरी स्पिरिटने पुसून, जोडाच्या आईकडच्या टोकाला छेद दिला, म्हणजे जोडणारा तुकडा आणि त्यावरची मुळं पिल्लाच्या वाट्याला येतात. छेदांवर काकूंनी हळद लावली. लावू द्यावी. पण जखम बंद करते ती कोरडी हवा. हळद लावून लगेच ओल्या मातीत रोवलेलं पिल्लू कुजतं, आणि काहीही न लावता चार दिवस सावलीत पडलेलं पिल्लू जगतं. दालचिनीची पूड लावायची सध्या फॅशन आहे. ती छेदावर ठीक, मुळांवर नको, मुळं सुकवते.

अंगठ्याएवढ्या तिघांपैकी दोन आईलाच ठेवली. एक धुताना हातात आलं. पांढुरकं पिल्लू प्लास्टिक कापून मोकळं केलं, त्याचा बुडखा वाकडा होता पण मुळं चांगली.

काकूंचा जीव तोडलेल्या पानांत अडकला होता. खालची वाळकी आणि अर्धवट पानं काढली होती, त्यांतली बरी मातीत खोचली तर? कोरफडीचं पान लागत नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेने रोपं फुटतात, सापकाठीचं पान कापून लावलं तरी मुळं धरतं. कोरफडीच्या पानात नवा कोंब फुटायला लागणारी पेशींची जागाच नसते. काही दिवस हिरवं दिसतं, मग सडतं किंवा चिपाड होतं. त्या पानांचा गर काढा, एवढंच सांगितलं. त्यावर काका आतून म्हणाले, मी रोज सकाळी तेच घेतो. तेव्हा एक गोष्ट बोलावीच लागली. पान कापल्यावर सालीखालून जो पिवळा कडू चीक गळतो, तो आणि गर या दोन वेगळ्या गोष्टी. चीक जबरदस्त रेचक आहे. तोच वाळवून काळा बोळ होतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या चिकापासूनची बिनचिठ्ठीची रेचकं २००२ साली बाजारातून काढायला लावली, कारण ती सुरक्षित असल्याची माहिती उत्पादकांनी पुरवली नव्हती. गर बाहेरून लावायला वापरा, तरी कापलेलं पान आधी उभं धरून चीक पूर्ण निथळू द्या. पोटात घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून. काका काही बोलले नाहीत.

याच रोजच्या तोडणीमुळे झाड डोईजड झालं होतं. पानं खालून तोडत गेलं की खोड उघडं पडतं, वर पानांचा डोलारा राहतो. इथे चार बोटं खोड उघडं होतं. कुंडी कलंडण्याचं निम्मं कारण हे.

लहान कुंडी, जाड माती

आता त्या सोळा इंची कुंडीचा प्रश्न. काकूंचं म्हणणं सोपं होतं: "आणलीय एवढी हौसेने, तर त्यातच लावू की सगळी." व्यास दुप्पट आणि उंचीही दुप्पट धरली तर मोठ्या कुंडीत आठपट माती बसते. मुळं मात्र छाटून कमी झालेली. पाणी घातलं की आठपट मातीत पाणी मुरणार, आणि ते प्यायला मुळं इतकीशी. वर झिलईमुळे भिंतीतून काहीच उडणार नाही. पावसाळ्यात ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहिली असती. कुंडी मुळांच्या मापाची असावी लागते, पानांच्या नाही. पिल्लं आणि मेलेली मुळं गेल्यावर आईचा मुळांचा पसारा इतका आटोपशीर झाला, की ती पुन्हा आठ इंची कुंडीतच बसली, फक्त आता साध्या भाजलेल्या मातीच्या. मातीच्या कुंडीचे दोन फायदे: भिंतीतून ओल उडते, आणि ती जड असल्याने वाऱ्याला दाद देत नाही. मोठ्या कुंडीत कढीपत्ता लावायचं ठरलं. काकू थोड्या हिरमुसल्या, पण कढीपत्त्यावर तडजोड झाली.

मिश्रणात दोन भाग पोयटा, दोन भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा, आणि सगळ्यात मिळून दोन मुठी चांगलं कुजलेलं गांडूळखत. आता नदीची वाळू सहज मिळत नाही, बांधकामावरची क्रश सँड मिळते. ती चालते, पण धुऊन. तिच्यातली भुकटी राहिली तर ती सगळ्या फटी बुजवते आणि वाळू घातल्याचा उपयोग शून्य. विटांचा चुराही चाळून बारीक पूड टाकून द्यायची, ज्वारीच्या दाण्याएवढे आणि त्याहून मोठे तुकडे ठेवायचे. समुद्राची वाळू नको, क्षार असतात. शेतातली काळी माती तर मुळीच नको. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते, म्हणजे ज्या दुखण्यातून झाड बाहेर काढलं तेच पुन्हा. नुसतं कोकोपीटही नको, पावसाळ्यात ते फार काळ ओलं राहतं.

तळाला खडीचा थर द्यायची पद्धत घरोघरी आहे, निचरा चांगला होतो म्हणून. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहज उतरत नाही. माती तळाशी पुरती भिजेपर्यंत ते थराच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओला पट्टा तळाशी असायचा तो थराच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवला, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी कुंडीभर एकच मिश्रण.

लावणी लगेच केली नाही. आई आणि पिल्लं वर्तमानपत्रावर पसरून आतल्या खोलीत, हवेशीर सावलीत चांगली सुकू दिली. काकूंना ते बघवत नव्हतं; दारावर टांगलेल्या कोरफडीची आठवण करून दिल्यावर त्या निवांत झाल्या. छेद कोरडे, टणक झाल्यावर लावणी. आईचं उघडं खोड दोन बोटं मातीत घेतलं; वाळक्या पानांचे चिकटलेले बुडखे आधी सोलून काढले, नाहीतर ते मातीत सडतात आणि सोबत खोडालाही ओढतात. खालच्या जिवंत पानांचे बुडखे मात्र मातीच्या वर. झाड डुलत होतं म्हणून भोवती तीन मोठे गोटे ठेवले. नव्याने फुटणारी मुळं झाड हललं की तुटतात. या कारणाने कित्येक पुनर्लावण्या फसतात आणि दोष पाण्याला दिला जातो.

मोठी चार पिल्लं चार इंची कुंड्यांत एकेक. मध्यम पाच आणि हातात आलेलं इवलं मिळून एका पसरट कुंडीत. पांढुरकं वेगळ्या लहान कुंडीत, कारण त्याला उन्हाची सवय हळूहळू लावायची होती.

पहिलं पाणी

लावल्यावर पाणी नाही. आठवडाभर तरी नाही. तुळस किंवा गुलाब लावल्याबरोबर पाणी घालायची आपल्या हाताला सवय असते, इथे तो हात आवरायचा. छाटलेल्या मुळांची टोकं मातीत गेल्यावर पुन्हा थोडी खरचटतात, ती बंद होऊ द्यायची. त्यानंतर पहिलं पाणी भरपूर: भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटली रिकामी करून. चमचा-चमचा पाणी देणं हा झाडावर दया दाखवण्याचा चुकीचा मार्ग आहे. वरची माती ओली, खालची मुळं कोरडी, आणि क्षार जागच्या जागी. पुढचं पाणी कुंडी उचलून, हलकी लागल्यावरच. खत पहिल्या पावसाळ्यात अजिबात नाही.

कुंड्या पश्चिमेच्या कठड्यावरून काढून आत, उजेड असलेल्या पण ऊन नसलेल्या जागी ठेवल्या. मुळं काम करत नसताना पुण्याचं मे महिन्याचं दुपारचं ऊन पानं भाजून काढतं.

पावसाळ्यात एकच पिल्लू गेलं, म्हणजे खरं तर दीड. पसरट कुंडीच्या बाहेरच्या कडेला असलेल्या मध्यम पिल्लावर तिरक्या पावसाचे शिंतोडे सतत येत राहिले, त्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचलं आणि ते गाभ्यातून सडलं. लगेच उपटून टाकलं, कुंडी भिंतीकडे सरकवली, बाकी वाचली. अर्धं म्हणजे ते इवलं; मुळं नसलेलं, साठा नसलेलं, वाळून गेलं. त्याची फारशी आशा नव्हतीच. पांढुरकं पिल्लू मात्र हिरवं झालं, बुडखा वाकडाच राहिला.

आईच्या बाबतीत सुधारणा आतून बाहेर आली. आधी मधलं कोवळं पान फिक्या हिरव्या रंगात वर सरकलं. हलक्या हाताने झाड हलवलं तर ते मातीला धरून असल्यासारखं लागलं. त्यानंतर वरची पानं भरली, तांबूसपणा उतरला. सगळ्यात खालची दोन-तीन पानं खोलगटच राहिली, त्यांतला साठा झाडाने वापरून टाकला आणि ती वाळली. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण काकूंनी दोनदा बोलावून दाखवलं. सप्टेंबरनंतर गोटे काढले, आणि कुंडी सकाळच्या उन्हात, पूर्वेच्या खिडकीशी नेली.

चार मोठ्या पिल्लांपैकी एक काकूंकडे, एक माझ्याकडे, दोन सोसायटीत गेली. पसरट कुंडीतली चार दिवाळीनंतर सुटी करायची आहेत, आणि त्यांना घरं शोधायची आहेत. सगळी ठेवायचा हट्ट धरला तर पाच वर्षांनी बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरणार नाही, हे काकूंना आता पटलंय. आईला ठेवलेली दोन इवली पिल्लं वाढतायत. त्यांना मुळं धरली की मार्चमध्ये तीही काढायची. तोवर आईची पानं तोडायची नाहीत असं ठरलंय. काकू पाळतील. काकांचा भरवसा नाही, म्हणून मोठ्या पिल्लांपैकी काकूंकडे राहिलेलं ते एक त्यांच्या नावावर करून दिलंय.